कसोटी भुकेची कीं पायांची?

अहमदनगरच्या (आतां अहिल्यानगर) छावणीस लागून असलेलें भिंगार हें विणकरांचें जुनें गांव. अवर्षण पडलें म्हणजे पीक शेतकऱ्याचें बुडतें. पण लुगडें घेणारें गिऱ्हाईकच नाहींसें झाल्यावर मागही थांबतो. दुष्काळांत मदतीस पात्र कोण, हा प्रश्न अशा गांवीं फार बिकट होतो.

१८७६–७८ च्या दुष्काळांत सरकारनें गरज सिद्ध करण्याचें ओझें गरजवंतावरच घातलें. गांवाजवळचीं लहान कामें बंद करून सशक्तांस दूरच्या मोठ्या कामांवर धाडावें, आणि मजुरी इतकी अल्प ठेवावी कीं खरा उपाशी असेल तोच येईल, असें हें धोरण. १८७७ च्या जानेवारींत सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीनें पुरुषाची मजुरी १ पौंड धान्य व १ आणा इतकी उतरली. मुंबई इलाख्यांतील हजारों मजूर काम सोडून गेले, व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. (दौंड–मनमाड लोहमार्गाचें मातीकाम त्याच दुष्काळांतलें, नगरास आगगाडीनें येणाऱ्या कितीजणांस हें ठाऊक असेल?) आमच्या मतें या कसोटीनें भुकेपेक्षां पायांची ताकदच मोजली. लेंकुरवाळी बाई, म्हातारा, आणि खडी फोडून ज्याचीं बोटें सुताला निकामी होणार तो विणकर, हे तिघेही तींत नापास!

१८८० च्या दुष्काळ आयोगानें अशक्तांस फुकट मदत सुचविली, व पुढील दुष्काळसंहितांत कारागिरांचाही निराळा विचार झाला. पण फुकट मदत म्हटली कीं यादी आली, आणि यादी आली कीं ती करणाराची मर्जी आली. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणींत मर्जीच्या जागीं अंक बसविले. प्रश्न १३, प्रत्येकास ० ते ४ गुण. जितके गुण कमी, तितकें घर गरीब. माणशीं कपडे किती, हाही त्यांत एक प्रश्न होता. विणकराच्या घरीं पाहणी करणाऱ्या कारकुनानें काय लिहिलें असतें, कोण जाणे!

महाराष्ट्रानें त्याआधींच दुसरी वाट धरली होती. १९७२ च्या दुष्काळांतून वाढलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला व १९७९ पासून अमलांत आला. त्यांत गरिबांची यादी नव्हती. अंगमेहनतीचें काम मागेल तो पात्र. २००५ च्या केंद्रीय कायद्यानें तर ५ किलोमीटरपलीकडे काम दिल्यास १० टक्के जादा मजुरी ठरविली. जें अंतर १८७७ सालीं मजुराची परीक्षा होतें, त्याचा भार सरकारच्या माथीं आला. काम मात्र बहुतेक मातीचें व खडीचेंच राहिलें.