लांब पल्ल्याच्या पायपिटीतले मोजे

लांब पल्ल्याच्या पायपिटीत पावलांना सर्वांत जास्त त्रास होतो तो ओलीचा आणि घर्षणाचा. घामाने किंवा पावसाने भिजलेली त्वचा मऊ पडते, बुटाच्या आत टाच घासत राहते आणि फोड उठतात. ओल आणि घर्षण आवरण्याच्या प्रयत्नांतूनच चालणाऱ्यांचे मोजे घडत गेले.

इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे सापडलेली लाल लोकरीच्या मोज्यांची जोडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. दीड हजार वर्षांहून जुने असलेले हे मोजे एकाच सुईने फासे ओवत विणलेले आहेत. पट्ट्यांची चप्पल घालता यावी म्हणून त्यांत अंगठ्यासाठी वेगळा कप्पा ठेवलेला दिसतो. ब्रिटनमधील विंडोलांडा या रोमन ठाण्यावर सापडलेल्या, इ.स. 100च्या सुमाराच्या एका पत्रातही मोज्यांचा उल्लेख आहे. लाकडाच्या पातळ पानावर लिहिलेल्या या पत्रात मोजे, चपलांचे दोन जोड आणि आतले कपडे पाठवल्याचे कळवले आहे.

विणलेले मोजे पुढे अनेक शतके महागच राहिले. 1589मध्ये इंग्लंडच्या विल्यम ली याने मोजे विणण्याचा माग तयार केला. त्यानंतर यंत्रावरचे विणकाम हळूहळू पसरले, तरी अनेक सैन्यांतील शिपाई पायाला कापडच गुंडाळत. चौकोनी फडके नीट गुंडाळले तर त्याला सुरकुती पडत नाही आणि ओला भाग फिरवून कोरडा भाग तळव्याखाली घेता येतो. रशियन सैन्याने ही पद्धत 2013मध्ये बंद केली.

मोजे कोरडे ठेवण्याचे महत्त्व पहिल्या महायुद्धात अत्यंत कटुतेने कळले. 1914-15च्या हिवाळ्यात पश्चिम आघाडीवरच्या चिखलाने भरलेल्या खंदकांत हजारो सैनिकांची पावले सुजली, बधिर झाली, काहींची सडली. सतत थंड पाण्यात राहिल्याने होणाऱ्या या विकाराला ‘ट्रेंच फूट’ म्हणतात. त्यावर सैन्याने कडक शिस्त लावली. सैनिकांनी पाय पुसावेत, देवमाशाचे तेल चोळावे, कोरडे मोजे चढवावेत असा दंडक झाला. घरोघरी स्त्रिया आघाडीसाठी लोकरीचे मोजे विणू लागल्या. मोज्याचे टोक जाड शिवणीविना सांधणाऱ्या टाक्याला ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचे नाव चिकटले ते कायमचे. बोटांवर शिवण टोचू नये, हा निकष आजही मोजे निवडताना पाळला जातो.

गिर्यारोहकांनीही लोकरीवरच भिस्त ठेवली. 1924मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या अँड्र्यू अर्व्हिनचे मानले जाणारे पाऊल 2024मध्ये हिमनदीवर सापडले. बुटातल्या मोज्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी शिवलेली होती. शंभर वर्षे बर्फात राहूनही ते नाव वाचता येत होते.

लोकरीचे सामर्थ्य तिच्या तंतूत आहे. आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्के बाष्प शोषूनही ती अंगाला ओली लागत नाही. सुती मोजा मात्र पाणी धरून ठेवतो आणि लवकर सुकत नाही. लोकरीचे दोष म्हणजे ती झिजते, आटते आणि जाड असेल तर टोचते. 1938मध्ये जाहीर झालेल्या नायलॉनने झिजेवर उपाय दिला. टाच आणि पंजा त्याच्या मिश्रणाने बळकट होऊ लागले. पुढे इलॅस्टेनमुळे मोजा पायाला घट्ट बसू लागला. आतून पातळ आणि वर जाड लोकरीचा अशी दुहेरी जोडी घालण्याचीही रीत पडली, कारण त्यामुळे घर्षण त्वचेऐवजी दोन मोज्यांमध्ये होते. 1990च्या दशकात न आटणाऱ्या, मऊ मेरिनो लोकरीचे मोजे बाजारात आले आणि टोचण्याची तक्रारही बरीच मिटली.

या साऱ्या अनुभवाचे सार थोडक्यात सांगता येते. लांबच्या वाटेसाठी मेरिनो आणि नायलॉनच्या मिश्रणाचे, टाचेवर अचूक बसणारे, बोटांवर जाड शिवण नसलेले मोजे घ्यावेत. त्यांची जाडी बुटातली मोकळी जागा पाहून ठरवावी. पाठपिशवीत एक कोरडी जोडी नेहमी ठेवावी आणि पायातले मोजे ओले झाले की पुढच्याच थांब्यावर बदलावेत.