मर्यादवेल आणि सागराची वाट

देवदर्शनास जाताना सभामंडपाच्या फरशीत कोरलेले कासव दिसले की आपले पाऊल आपोआप बाजूला पडते. हा संस्कार कोणी मुद्दाम शिकविलेला नसतो. परंतु त्याच कुळातील जिवंत कासव दरवर्षी हिवाळ्याच्या दिवसांत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथील वाळूत अंडी घालण्यास येते, ही गोष्ट देवळात नित्य जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानी असते, कोण जाणे! किनारा कोणाचा, हा प्रश्न आज न्यायालयात आणि ग्रामसभेत विचारला जातो. त्याचा पूर्वेतिहास महाजन मंडळींनी जाणून घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे भूमीची सामाईक मालकी ही काही नवी कल्पना नव्हे. गावकरी संस्था पोर्तुगीजांच्या आधीची. तिच्या रूढी त्यांनी 1526 च्या फोरालात लेखनिविष्ट केल्या. निर्माण केल्या नाहीत. देवालये, तळी, वाटा, पाट आणि बांध यांची व्यवस्था गावकार पाहत. या व्यवस्थेचे सर्वांत बुद्धिमान अपत्य म्हणजे खाजन. खाडीच्या भरतीचे पाणी अडवून चिखलमातीचे बांध घालावयाचे, बांधाला मानस ठेवावयाची, आणि तिची लाकडी झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटावी व ओहोटीला उघडावी अशी योजना करावयाची. पावसाळ्यात खारे पाणी सोसणारे कोरगुट भात, नंतर मासळी, काही ठिकाणी मीठ. बांधाच्या बाहेरच्या अंगास खारफुटी उभी असे. ती लाटांचा मारा झेली आणि माशांच्या पिलांना आसरा देई. शेती, मत्स्यजीवन आणि किनाऱ्याचे रक्षण ही तीन कामे एकाच बांधाने साधली. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. कुळांना न्याय मिळाला हे योग्यच झाले. पण बांधाची निगा मात्र पूर्वीसारखी राहिली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाळूच्या पट्ट्याचे तसे नव्हते. तेथे पीक येत नसे, म्हणून त्याला भाव नव्हता. रापणकाराची होडी, सुकत घातलेली मासळी, माडांची रांग, आणि वाळूच्या टेकड्यांवर पसरलेली जांभळ्या फुलांची वेल. त्या वेलीस आपण मर्यादवेल म्हणतो. सागराची मर्यादा जेथे संपते तेथे ती उगवते आणि आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवते. नाव ठेवणाऱ्याच्या निरीक्षणाला दाद द्यावी तेवढी थोडीच.

1961 च्या मुक्तीनंतर पर्यटन आले आणि या निरुपयोगी मानलेल्या वाळूला सोन्याचा भाव आला. तेव्हापासून किनाऱ्याचा इतिहास हा बव्हंशी अंतरांचा इतिहास आहे. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी 27 नोव्हेंबर 1981 रोजी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. पत्राला कायद्याचे बळ मिळण्यास दहा वर्षे गेली. 19 फेब्रुवारी 1991 रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर 200 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध झाले. खारफुटी, तसेच मासे व वन्यजीव यांची प्रजननस्थळे यांना सर्वोच्च संरक्षण मिळाले. 1994 साली नदी-खाडीकाठचे 100 मीटरांचे अंतर 50 वर आणले गेले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. 2011 च्या अधिसूचनेने खाजन जमिनींचे आणि आरंभी उल्लेखिलेल्या चारही कासवकिनाऱ्यांचे नाव घेऊन रक्षण केले. 2019 च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यासाठी 200 चे पुन्हा 50 मीटर झाले. सागराची मर्यादा मर्यादवेल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळते. माणसाला ती अठ्ठावीस वर्षेही स्थिर ठेवता आली नाही.

प्राण्यांच्या अधिवासाइतकाच महत्त्वाचा प्रश्न माणसाच्या वाटेचा. दोनापावलजवळील वायंगिणी किनाऱ्यावर एका हॉटेलासाठी सरकारने भूसंपादन केले, तेव्हा 1983 च्या करारात लोकांना किनाऱ्यावर जाण्याची वाट निर्वेध राहील अशी अट होती. पुढे वाटेवरून तंटा झाला. 2000 साली उच्च न्यायालयाने आणि 20 जानेवारी 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निर्णय दिला. समुद्रकिनारा ही राज्याकडे सोपविलेली जनतेची ठेव आहे, राज्य तिचे विश्वस्त आहे, मालक नव्हे, हे तत्त्व त्या निकालाचा आधार होते. हवा, वाहते पाणी, सागर आणि सागरतट सर्वांचे, असे रोमन सम्राट जस्टिनियनच्या सहाव्या शतकातील विधिग्रंथात म्हटले आहे. आपल्या गावकाराला ते ऐकून नवल वाटले नसते. त्याच वर्षी राज्याने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली आणि वादग्रस्त बांधकाम पाडण्याचा प्रसंग टळला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कासवांची कथा त्यामानाने सुखद. पूर्वी किनाऱ्यावरील लोक अंडी उकरून नेत, खात आणि विकतही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. पण खरा पालट झाला तो शतकाच्या शेवटच्या दशकात, मोरजीच्या ग्रामस्थांनी वनखात्याच्या साह्याने घरट्यांवर राखण सुरू केली तेव्हा. रत्नागिरीच्या वेळास गावी 2002 पासून असेच कार्य चालू आहे. मादी एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालते. सुमारे पन्नास दिवसांनी पिले रात्रीच्या वेळी वर येतात आणि जिकडे क्षितिज अधिक उजळ असेल तिकडे धाव घेतात. निसर्गात तो उजेड समुद्राकडे असतो. उपाहारगृहांच्या दिव्यांमुळे तो गावाकडे दिसू लागला, की पिले उलट दिशेने चालू लागतात.

आपल्या प्रदेशातील काही देवस्थानांची पालखी समुद्रस्नानास जाते. नारळी पौर्णिमेला नारळ सागरास अर्पण होतो, आप्तांच्या अस्थी तेथेच विसर्जित होतात. या वाटा बहुधा कोणाच्या तरी माडाच्या कुळागरातून, दोन कुंपणांमधून जातात. मुक्तीनंतरच्या भूमापनात त्यांपैकी कित्येक वाटा नकाशावर उमटल्या नसतील. त्या तेथे होत्या हे केवळ वयोवृद्धांस ठाऊक असते. ज्या महाजनांच्या घरी जुनी दप्तरे आहेत त्यांनी ती उघडून पाहावीत. पालखी कोणत्या आडातून वळे, कोणत्या चिऱ्याच्या पायऱ्यांनी वाळूत उतरे, याची नोंद एखाद्या पिवळ्या पडलेल्या पानावर सापडण्याचा संभव आहे.