नेगेवचे पाणी : आधी नळ, मग गाव

काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर नेहमीचे वाक्य लिहिले : गावे पाण्याकाठी वसतात. नाईल, युफ्रेटिस, यार्देन अशी उदाहरणे देऊन झाली. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "मग दिमोना कुणाच्या काठी वसले आहे?" वर्ग हसला, पण आमच्यापाशी चटकन द्यावे असे उत्तर नव्हते. दिमोनाला नदी नाही, तळे नाही. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी कोरड्या ओढ्याला लोंढा येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धूळ उडते. बेरशेबा, येरुहाम, दिमोना येथे आपल्या समाजाची इतकी कुटुंबे राहतात. मुलांची शिक्षणे झाली, लग्ने झाली, नातवंडे खेळू लागली. परंतु हे सारे ज्या पाण्यावर उभे राहिले त्याचा इतिहास आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्या मुलाच्या प्रश्नापायी आम्ही तो शोधू लागलो.

आपल्या वाडवडिलांना असला प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. नवगाव, रेवदंडा, अलिबाग या भागात वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अष्टागरातील नारळी-पोफळीच्या वाडीत विहीर असे, विहिरीवर रहाट असे, आणि बैल फिरू लागला की गाडग्यांतून उपसलेले पाणी पाटाने झाडाझाडाच्या आळ्यात जाई. पुढे मंडळी मुंबईला आली. तिथे चाळीत पहाटे ठरलेल्या वेळी नळ येई, म्हणून पिंप भरून ठेवण्याची सवय लागली. आमच्या मातोश्रींनी ती सवय बेरशेबात आल्यावरही सोडली नाही. येथे नळाला अहोरात्र पाणी असते हे त्यांना पुष्कळदा सांगून झाले, तरी न्हाणीघरात भरलेले पिंप असेच. बेरशेबाला वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो हे लक्षात घेतले, म्हणजे त्यांचा अविश्वास अगदीच अनाठायी होता असे आज आम्हांस वाटत नाही.

या भूमीत पाण्यावरून तंटे जुनेच आहेत. इसहाकाने गरारच्या खोऱ्यात विहिरी खणल्या, तेथील गुराखी पाणी आमचे म्हणून भांडले आणि त्याला पुढे पुढे सरकावे लागले. बेरशेबाचे तर नावच विहिरीशी जोडलेले आहे. परंतु विहिरीच्या पाण्यावर शेळ्यामेंढ्यांचे कळप जगतात, बागायती गावे उभी राहत नाहीत. १९४३ साली गेवुलोत, रेविविम आणि बेत एशेल ही तीन निरीक्षण-ठाणी नेगेवात वसवण्यात आली, ती माती कशी आहे, पाऊस किती पडतो, पाणी कुठे लागते हे पाहण्यासाठीच. रेविविमच्या लोकांनी लोंढ्याचे पाणी बांध घालून अडवून पाहिले. जमिनीखालचे पाणी लागले ते मचूळ. नेगेवात मोठी वस्ती करावयाची तर पाणी बाहेरून आणावे लागणार, हे त्यातून स्पष्ट झाले.

ते काम ज्या कंपनीकडे आले तिचे नाव मेकोरोत, म्हणजे उगम, झरे. १९३७ साली तिची स्थापना झाली. संस्थापकांत लेवी श्कोल्निक होते, जे पुढे एश्कोल या नावाने पंतप्रधान झाले. आणि सिम्हा ब्लास नावाचे पोलंडहून आलेले अभियंते होते. आरंभीचे काम उत्तरेकडील इझ्रएलच्या खोऱ्याच्या पश्चिम भागातील खेड्यांसाठी होते. एकेका खेड्याने आपापली विहीर खणावी त्याऐवजी जेथे पाणी चांगले लागते तेथे खोल विहिरी घ्याव्यात आणि नळाने साऱ्या परिसराला पुरवावे, अशी ही योजना. आज ती आपल्याला साधी वाटते. त्या काळी एका गावाच्या जमिनीखालचे पाणी दुसऱ्या गावाने प्यावे ही कल्पनाच नवी होती.

नेगेवाच्या कथेला खरी सुरुवात झाली ती १९४६ साली, आणि तीही आपल्या ओळखीच्या दिवशी. आपले पूर्वज यॉम किप्पुरला दारफाळणीचा सण म्हणत आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण. कोकणात शिळ्या सणाला आप्तेष्टांच्या भेटी घेत, दानधर्म करीत. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला उपास सुटला आणि त्याच रात्री, शिळा सण उजाडण्याच्या आत, नेगेवात एकदम अकरा ठिकाणी लोक लाकडी खोल्या व कुंपणाचे साहित्य घेऊन जाऊन राहिले. बेएरी, निरीम, हात्सेरीम, शोवाल, उरीम, नेवातीम ही त्यांपैकी काही नावे. बेएरी व निरीम ही नावे ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर घरोघरी दुःखाने उच्चारली गेली. ती मुळात या अकरांतील आहेत हे तरुण पिढीला माहीत असावे म्हणून येथे नोंदवतो.

अकरा वस्त्या एका रात्रीत झाल्या, पण पाणी एका रात्रीत कसे यावे? ब्लास यांनी नीर-आमच्या परिसरातील विहिरींपासून दक्षिणेकडे सहा इंची नळ टाकण्याची योजना आखली. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि लोखंडी नळ मिळणे दुर्घट होते. ते मिळाले लंडनमध्ये. जर्मन विमाने त्या शहरावर बाँब टाकीत असताना आगी विझवण्यासाठी तेथे तात्पुरते नळ घातले होते. युद्ध सरल्यावर ते विक्रीस निघाले. लंडनच्या आगीवर धरलेले नळ १९४७ साली नेगेवाच्या मातीत पुरले गेले. ते पाणी इतके महाग पडे, की लोक त्या नळाला थट्टेने 'शॅम्पेनचा नळ' म्हणत. १९४७-४८ च्या लढाईत तो वारंवार फोडला गेला, आणि नळाची गस्त घालणे हेच लढणाऱ्या तरुणांचे एक मोठे काम होऊन बसले. विहीर गावाच्या मध्यावर असते, तिचे रक्षण सोपे. कित्येक मैल उघड्यावर पसरलेल्या नळाचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न जुन्या काळच्या कुणाही गावकऱ्याला पडला नसेल.

सहा इंची नळावर प्यायचे भागले आणि थोडी बाग झाली. मोठी शेती व्हावयाची तर नळही मोठा हवा. १९५५ साली यार्कोन-नेगेव जलवाहिनी सुरू झाली. रोश हाआयीनच्या झऱ्यांचे पाणी ६६ इंच व्यासाच्या सिमेंट-काँक्रीटच्या नळांतून दक्षिणेस येऊ लागले. एखादा मनुष्य किंचित वाकून चालत जाईल एवढा तो नळ. दिमोना वसले तेही १९५५ सालीच. त्यानंतर १० जून १९६४ रोजी राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली. किन्नेरेत सरोवर समुद्रसपाटीच्या खाली सुमारे २१० मीटर आहे. तेथून पाणी पंपांनी डोंगरात चढवायचे, कालव्यांतून व बोगद्यांतून न्यायचे आणि पुढे १०८ इंची नळाने रोश हाआयीनपर्यंत आणून जुन्या वाहिनीला जोडायचे, असे हे सुमारे १३० किलोमीटरांचे काम. आराखडा ताहल या संस्थेचा, बांधकाम व चालवणे मेकोरोतचे. त्या दिवशी पंतप्रधान होते तेच लेवी एश्कोल.

आरंभी या वाहिनीचे सुमारे ८० टक्के पाणी शेतीस जाई. नेवातीमचे उदाहरण घेऊ, कारण ते आपल्याला जवळचे आहे. अकरांतील हे गाव १९४८ च्या युद्धानंतर ओस पडले होते. १९५४ साली आपले कोचिनी बांधव तेथे येऊन राहिले. मलबारच्या पाणथळ, हिरव्या मुलुखातून निघालेली माणसे बेरशेबाच्या पूर्वेच्या उघड्या माळावर उतरली तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे कोकणी माणसाला निराळे सांगावयास नको. आज तेथे त्यांच्या परंपरेचे संग्रहालय आहे. पाहिले नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावे.

आता ही व्यवस्था खेड्यापर्यंत पोहोचते कशी, ते सांगतो, कारण आमच्या मते इतिहासातील खरा विचार येथेच आहे. मेकोरोतचा मोठा नळ मोशावाच्या किंवा किबुत्साच्या सीमेपर्यंत येतो. तेथे मीटर असतो. मीटरच्या पलीकडचे जाळे गावाचे : कुणाच्या शेताला किती वेळ सोडायचे, घरोघरची बिले कशी वसूल करायची, फुटलेला नळ कोणी दुरुस्त करायचा, हे गावाची समिती पाहते. कोकणात दोन वाड्यांत पाण्याच्या पाळीवरून भांडण झाले तर ते गावातल्या गावात मिटवीत. येथेही पाळीचे भांडण गावाचेच राहिले, फक्त विहीर दीडशे किलोमीटर दूर गेली.

१९५५ साली पाणी मोजण्याचा कायदा झाला आणि १९५९ साली पाणी कायदा. या दुसऱ्या कायद्याने देशातील सर्व जलस्रोत सार्वजनिक मालमत्ता ठरले. स्वतःच्या जमिनीतील विहीरसुद्धा मालकाची राहिली नाही. प्रत्येक गावाला शेतीचा वार्षिक वाटा ठरवून मिळू लागला. निरनिराळ्या प्रदेशांतील दरांची तफावत कमी करण्यासाठी निधीही स्थापन झाला. त्याचा अर्थ असा, की झऱ्याकाठच्या गावाने थोडे अधिक द्यायचे आणि वाळवंटातील गावाने खर्चाच्या मानाने पुष्कळ कमी. उत्तरेकडील काही शेतकऱ्यांना हे रुचले नाही, आणि त्यांची तक्रार अगदीच खोटी होती असे नाही. पण शॅम्पेनच्या भावाने पाणी घ्यावे लागते, तर दक्षिणेत कोण राहिले असते? आपली कुटुंबे तर नक्कीच राहू शकली नसती.

सिम्हा ब्लास यांच्याविषयी आणखी थोडे. नळ टाकणारा हा गृहस्थ उतारवयात थेंबांकडे वळला. गळक्या नळाजवळचे एक झाड इतरांहून जोमाने वाढलेले त्यांनी फार पूर्वी पाहिले होते. त्यावरून विचार करीत त्यांनी मुलाच्या साहाय्याने मुळाशी थेंब थेंब पाणी सोडणारी प्लास्टिकची तोटी तयार केली, आणि १९६५ साली हात्सेरीम किबुत्साने त्यांच्याशी करार करून नेताफीम हा कारखाना काढला. हात्सेरीम म्हणजे शिळ्या सणाच्या त्या अकरा गावांपैकीच एक. महाराष्ट्रात यालाच ठिबक सिंचन म्हणतात, आणि जळगावच्या केळीच्या बागांत ते आज सर्रास दिसते. आपल्या आजोबांचे आळेही पाणी मुळाशीच नेत असे. मात्र वाटेत पाटानेच किती पिऊन टाकले याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

१९९०-९१ च्या अवर्षणात शेतीच्या वाट्यात मोठी कपात झाली, आणि किन्नेरेतवर अवलंबून राहता येणार नाही हे सर्वांना कळून चुकले. १९८९ साली नेगेवाकडे तिसरी वाहिनी सुरू झाली होती. तिच्यातून येते ते तेल अवीव परिसराचे सांडपाणी. ते शुद्ध करून वाळूच्या टेकड्यांत मुरवतात, काही महिन्यांनी विहिरींतून पुन्हा उपसतात आणि पश्चिम नेगेवच्या शेतांना देतात. २००५ साली अश्कलोन येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मोठा कारखाना सुरू झाला, मागोमाग पाल्माहीम, हदेरा, सोरेक, अश्दोद. आज घरगुती पाण्याचा मोठा भाग समुद्रातून येतो. अवर्षणाच्या वर्षी आकाशाकडे पाहत बसण्याची पाळी शेतकऱ्यावर पूर्वीइतकी येत नाही.

इतके वाचून वाचकास वाटेल की नेगेवातील प्रत्येक घरी नळ पोहोचला. तसे झालेले नाही, आणि शिक्षकाने अर्धा धडा शिकवून थांबू नये. बेरशेबाहून दिमोनाकडे जाणाऱ्या पंचवीस क्रमांकाच्या रस्त्याने आपण नेहमी ये-जा करतो. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना बेदुइनांच्या ज्या वस्त्या दिसतात, त्यांपैकी कित्येकांना शासनाची मान्यता नाही. मान्यता नाही म्हणून नियोजन नाही, आणि नियोजन नाही म्हणून घरोघर नळ नाही. बेरशेबाच्या उत्तरेचे राहत हे बेदुइनांचे शहर मान्यताप्राप्त आहे, तेथे नळ आहेत. नाव ऐकून आपल्या कानाला रहाट आठवतो ते सोडून द्या. परंतु मान्यता नसलेल्या वस्त्यांतील माणसे मुख्य नळावरील एखाद्या मीटरपासून स्वतःच्या खर्चाने प्लास्टिकची नळी ओढतात किंवा टाकीतून पाणी वाहून नेतात. अशाच काही रहिवाशांचे अपील सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. २०११ साली न्यायालयाने सांगितले, की पाणी मिळण्याचा हक्क मानवी प्रतिष्ठेचा भाग आहे. मात्र बेकायदा वस्तीत घरोघर जोडणी दिलीच पाहिजे असे नाही, वाजवी अंतरावर पाणी मिळण्याची सोय असणे पुरेसे होऊ शकते. जमिनीच्या मालकीचा वाद गुंतागुंतीचा आहे आणि त्याचा निवाडा करणे आमच्या अधिकारातले नाही. पण वाजवी अंतर म्हणजे किती, हे ज्यांनी कळशी डोक्यावर घेऊन विहीर ते घर असे चालून पाहिले आहे त्यांना विचारावे; आपल्या समाजात अशा वृद्ध स्त्रिया अजून आहेत.

त्या मुलाला आम्ही उत्तर दिले, की दिमोना नळाच्या काठी वसले. पुढच्या सहलीत बसमधून जाताना त्याच मुलाने खिडकीतून बोट दाखवले. रस्त्यालगत उघड्यावर काळ्या बारीक नळ्यांचा जुडगा पडला होता, एकेक नळी एकेका घराची, टेकडीवरच्या पत्र्याच्या घरांकडे गेलेली; आणि एका घराच्या छपरावर काळी टाकी होती. "ही पण वाहिनीच का?" त्याने विचारले. आम्ही होय म्हणालो.