मात्रा कोणी मुक्रर केली?

औषध लागू पडले नाही म्हणजे ‘मात्रा चालली नाही’ असे म्हणण्याची आपल्याकडे रूढी आहे. परंतु सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन या द्रव्यांनी रजोनिवृत्त स्त्रियांची हाडे बळकट होतात काय, या संशोधनाचे दप्तर उलगडून बसले असता, ती मात्रा मुळात मुक्रर कोणी केली, हाच प्रश्न मला अधिक कुतूहलाचा वाटतो.

1998 साली इलिनॉयच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रक्तात कोलेस्टेरॉल चढलेल्या 66 स्त्रियांना सहा महिने रोज 40 ग्रॅम प्रथिन देण्यात आले, एका गटास दुधाचे व दोहोंस सोयाबीनचे. सोयाच्या एका भुकटीत दर ग्रॅम प्रथिनामागे 1.39 मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन होते, दुसरीत 2.25, चाळीसने गुणले की 56 आणि 90. पैकी 90 च्या गटात कण्याच्या कटिभागाची घनता किंचित वाढली, 56 च्या गटात वाढली नाही, आणि भुकटीच्या गुणाकारातून निघालेला हा 90 चा आकडा पुढे हाडांचा कौल म्हणून मिरवू लागला.

त्यातही तोल कशाचा, हा तंटा होताच. सोयाबीनमध्ये हे द्रव्य बहुतांशी साखरेशी जखडलेले असते. साखरेसकट 100 मिलिग्रॅम तोलले, तर ती वजा जाता निव्वळ जेनिस्टीन हे आयसोफ्लेव्होन सुमारे 62 च उरते. शिवाय प्रथिन मद्यार्काने धुऊन काढले असेल, तर हे द्रव्य बहुतेक वाहूनच जाते. मुनिमाने रक्कम नोंदवावी आणि नाणे कोणते ते लिहू नये, तसा हा जमाखर्च.

पुढे 2007 साली इटलीत शुद्ध जेनिस्टीनचे 54 मिलिग्रॅम दोन वर्षे देऊन हाडांची घनता वाढल्याचे जाहीर झाले. उलट मायामीच्या संशोधकांनी, आशियाई आहारातील कमाल प्रमाणाच्या अंदाजे दुप्पट म्हणून, मुद्दाम आयसोफ्लेव्होनचा 200 मिलिग्रॅमचा आकडा धरला, 248 स्त्रियांवर दोन वर्षे तो चालवून पाहिला, आणि 2011 साली हाडांची झीज थांबत नसल्याचा निकाल दिला. तेथे मात्र मात्रा खरोखरच चालली नाही.

ज्या जपानात तोफू, मिसो, नात्तो यांतून वयस्क माणसांच्या पोटी रोज सुमारे 25 ते 50 मिलिग्रॅम सहज जाते, तेथील अन्नसुरक्षा आयोगाने 2006 सालीच कमाल मर्यादा 70 ते 75 ठरविली होती, आणि तीही साखर वजा करून. इटलीत पाच वर्षे रोज 150 मिलिग्रॅम घेणाऱ्या काही स्त्रियांच्या गर्भाशयाचे अस्तर जाड झाल्याचे आढळले होते. आयोगाने त्या 150 चे निम्मे केले.