डॉमिनिका बेटाची लुप्त भाषा

कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिका हे सुमारे ७५० चौरस किलोमीटरांचे डोंगराळ बेट. कोलंबसास ते ३ नोव्हेंबर १४९३ रोजी, रविवारी, दिसले. वारावरूनच त्याचे नाव पडले. मूळ रहिवासी कालिनागो त्यास ‘वाइतुकुबुली’ म्हणत. १७६३ च्या पॅरिस-तहाने ते ब्रिटनकडे गेले व ३ नोव्हेंबर १९७८ रोजी स्वतंत्र झाले.

युरोपीयांनी कालिनागोंस ‘कॅरिब’ म्हटले व त्यांच्या भाषेसही तेच नाव दिले. हे नामकरण भ्रामक होय. फ्रेंच धर्मोपदेशक रेमों ब्रेतों याने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेला कोश पाहता भाषेचे व्याकरण अरावाक कुलाचे ठरते. कॅरिब शब्द प्रामुख्याने पुरुषांच्या बोलण्यात आढळतात. कॅरिब जेत्यांनी अरावाक पुरुषांस मारून त्यांच्या स्त्रिया वरिल्या, ही परंपरागत उपपत्ती आकर्षक खरी. परंतु केवळ शब्दभेदावरून एवढा संहार गृहीत धरणे धाडसाचे आहे. व्यापाराच्या मिश्रभाषेतूनही असे शब्द येऊ शकतात.

डॉमिनिकेत ही भाषा १९२० च्या सुमारास लोपली. कालिनागोंची वस्ती पूर्व किनाऱ्यावर आहे. ते इंग्रजी व फ्रेंचोद्भव क्रिओल बोलतात. ब्रिटिशांनी १७९७ मध्ये सेंट व्हिन्सेंटहून हद्दपार केलेल्या गारिफुनांची भगिनीभाषा मात्र मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर अद्याप बोलली जाते.