अनोळखी हात आणि पोच

ठाणे आणि कल्याण यांच्या दरम्यानचे दिवा हे १ मे १८५४ रोजी ठाण्याहून कल्याणपर्यंत वाढलेल्या लोहमार्गावरचे खाडीकाठचे गाव. पुढे येथूनच पनवेल आणि वसईकडे फाटे निघाले, सावंतवाडीची पॅसेंजर येथून सुटू लागली आणि मुंबईत घर न परवडणाऱ्या कुटुंबांची दाट वस्ती येथे झाली. अशा वस्तीत शेजारी अनोळखी असतो आणि दूरच्या गावचा माणूस ओळखीचा, त्यामुळे अडीनडीला पैसे कोणाकडे मागावेत आणि मागणाऱ्याला कशाच्या भरवशावर द्यावेत, हा प्रश्न मुंबईच्या गिरणगावातून, म्हणजे कापडगिरण्यांच्या कामगारवस्तीतून, या उपनगरांपर्यंत चालत आला आहे.

गिरणगावात या प्रश्नाचे उत्तर गावकीने, म्हणजे एकाच गावच्या लोकांच्या एकोप्याने, दिले होते. एकाच गावचे कामगार भाड्याच्या ज्या सामाईक खोलीत राहत, तिला गावकीची खोली म्हणत. ग्रामस्थ मंडळ वर्गणी काढी, भिशी म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम जमवून ती पाळीपाळीने एकेका सभासदाला देण्याची व्यवस्था चाले, आणि मागणाऱ्याचा जामीन त्याचे गावच असे. पोस्टाने १८८० पासून चालवलेल्या मनिऑर्डरीने ही खात्री कागदावर आणली, कारण पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत येई.

परंतु ज्याचे गावच ठाऊक नाही, त्याला कोण देणार? विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी उभारलेल्या पैसाफंडाने या शंकेवर काढलेली तोड मोठी चतुर होती. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा, म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग, द्यावा अशी मागणी असल्याने फसवणूक झालीच तरी देणाऱ्याचे जाणार ते एका पैशापुरतेच, आणि अशा पैशांच्या राशीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिल्याने पैसा कोठे गेला, हे कोणालाही जाऊन पाहता येऊ लागले. मागणाऱ्याच्या ओळखीची जागा येथे रकमेच्या लहानपणाने आणि कामाच्या उघडेपणाने घेतली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याने पुढे सार्वजनिक न्यासांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख आणली, आणि गणेशोत्सवाची वर्गणी काढणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळालाही परवानगी घ्यावी लागू लागली.

२०१५ मध्ये जुनी मनिऑर्डर बंद झाली आणि २०१६ मध्ये यूपीआय, म्हणजे मोबाइलवरून एका बँकखात्यातून दुसऱ्यात तत्काळ पैसे पाठवण्याची यंत्रणा, सुरू झाली. तिचा सामूहिक उपयोग थोर आहे, यात शंका नाही: २०२१ मध्ये मुंबईतील एका अर्भकाच्या सुमारे १६ कोटी रुपयांच्या औषधासाठी समाजमाध्यमांवरील आवाहनातून निधी जमला आणि औषधावरील करही केंद्राने माफ केला. पण तेथे आजार, औषध आणि किंमत ही सारी माहिती लोकांसमोर होती. यूपीआयमध्ये मात्र कोणालाही दुसऱ्याच्या मोबाइलवर पैशांची मागणी धाडण्याची सोय होती, आणि ती मागणी म्हणजे आपल्यालाच येणारी रक्कम आहे, असे भासवून पिन टाकायला लावणाऱ्या भामट्यांचे फावले. अशा फसवणुकीची तक्रार आता १९३० या मदत क्रमांकावर नोंदवता येते. व्यक्तीने व्यक्तीकडे मागणी धाडण्याची ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली.