घाटाखालची उचल

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या वर्गातली हजेरी निम्म्याच्याही खाली यायची. खालापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीच्या शाळेत मी चौदा वर्षं शिकवलं. सहामाही परीक्षेला एकोणतीस मुलं असत, नोव्हेंबरात अकरा. बाकीची आईबापांच्या मागे भट्टीवर गेलेली. कुणी कल्याण-भिवंडीकडे वीटभट्टीवर, कुणी पुणे जिल्ह्यात, कुणी थेट कर्नाटकात कोळसा पाडायला. मे अखेरीस परत यायची तेव्हा बाराखडी विसरलेली असायची आणि तोंडात चार कानडी शब्द असायचे.

शाळेच्या खिडकीतून बोरघाट दिसायचा. त्या घाटाचा आणि माझ्या रिकाम्या बाकांचा काही संबंध असेल असं मला पुष्कळ वर्षं वाटलं नव्हतं.

रेल्वे आधी पळसदरीवरून खोपोलीला आली, १८५६ साली. पुढे डोंगर. उतारूंनी खोपोलीला उतरायचं, पालखीतून नाहीतर तट्टावरून घाट चढायचा आणि वर खंडाळ्याला पुण्याची गाडी धरायची. दरम्यान पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा चढाचा मार्ग खोदला जात होता. पंचवीस बोगदे, सदतीस फुटांना एक फूट असा चढ. कड्यावर पाय ठेवायला जागा नाही तिथे माणसांना दोरखंडाने खाली सोडत आणि लोंबकळत ते सुरुंगाची भोकं पाडत. कामाच्या भरात चाळीस हजारांवर माणूस घाटात होता. काम पावसाळा सोडून आठ महिने चालायचं. आभाळ आलं की माणसं आपापल्या मुलखाला जायची, दसऱ्यानंतर परत यायची. भट्टीचंही वेळापत्रक नेमकं हेच आहे.

पैसे वरून खाली उतरायचे तेही आजच्यासारखेच. रेल्वे कंपनी मुख्य ठेकेदाराला देणार, तो पोटठेकेदाराला, तो मुकादमाला, आणि शेवटी मुकादम मजुराला. प्रत्येक पायरीवर थोडं अडायचं, थोडं गळायचं. १८५९च्या जानेवारीत घाटातल्या मजुरांचा संयम सुटला. मजुरी थकलेली, मिळाली ती कमी. ते गोऱ्या देखरेखदारांवर चालून गेले. चौकशी बसली. मार्चमध्ये मूळ ठेकेदार फॅव्हिएल काम सोडून गेला. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही दिवसांतच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका आपल्याकडे घेऊन काम पुरं करवलं. या कामावर पटकीने मेलेल्या मजुरांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. १८६३ साली गव्हर्नर फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचं उद्घाटन झालं.

घाटातल्या त्या दंग्यानंतर सरकारने १८६०चा नववा कायदा केला. रेल्वे, कालवे, सरकारी बांधकामं यांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट सोडवावेत, हा त्याचा हेतू. मजुराला मजुरी मागायला एक दार उघडलं, ते या घाटातल्या माणसांमुळे. हे मी मुलांना मुद्दाम सांगायची. पण त्याच कायद्यात काम मध्येच टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचीही सोय होती. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १८५९ साली, तेरावा कायदा झाला होता. तो कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून आला. उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. तरीही त्याने पैसे फेडले नाहीत की काम केलं नाही, तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. धन्याने मजुरी बुडवली तर तो दिवाणी तंटा, मजुराने उचल बुडवली तर फौजदारी गुन्हा. हा कायदा रद्द करायला १९२५ साल उजाडलं.

कातकरी या सगळ्यात कुठून आले? त्यांचं नावच कातावरून पडलं. खैराच्या लाकडाचा कात काढणारे लोक. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलं झाली आणि खैरावर हात टाकणं गुन्हा ठरलं. मग तेच हात व्यापाऱ्यांसाठी कोळसा पाडू लागले, पुढे विटा थापू लागले. जमीन नाही, पावसाळ्यात काम नाही, श्रावण-भाद्रपदात घरात दाणा नाही. मुकादम नेमका गणपतीच्या सुमारास वाडीत येतो. त्याच्या हातात रोख पैसे असतात. त्याला इकडे बयाणा म्हणतात, कुणी उचल म्हणतात.

भाद्रपदातली ही नड ओळखणारा एक माणूस कर्जत तालुक्याला लाभला होता. माथेरानचे भाई कोतवाल. सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. दरवर्षी त्या दिवशी भाषणं होतात ती त्यांच्या बंदुकीची आणि त्यांनी पाडलेल्या विजेच्या मनोऱ्यांची. त्या धान्यकोठ्या मला अधिक मोठ्या वाटतात.

१९९४च्या जूनमध्ये माझ्या एका विद्यार्थ्याची आई एक वही घेऊन शाळेत आली. खतांच्या दुकानात फुकट मिळते तसली तळहाताएवढी डायरी, कडा मातीने लाल झालेल्या. “बाई, आमचा हिसाब वाचून सांगा.” मी वाचला. गणपती, इतके. दिवाळी, इतके. पुढे दर आठवड्याची खर्ची. मध्ये पोराच्या तापाचं औषध. शेवटी खाली रेघ मारून बाकी आणि नवऱ्याचा अंगठा. मी पानं मागे-पुढे उलटली. घेतलेली पै न पै लिहिली होती, पण सात महिन्यांत थापलेल्या विटांचा एकही आकडा त्यात नव्हता. हजार विटांमागची मजुरी, म्हणजे हजारी, किती ठरली होती तेही नव्हतं. ती बाई पहाटे तीनला उठून गारा कालवायची, विटा उचलून रचायची. तिचं तर नावही त्या डायरीत नव्हतं.

मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ नका त्याच्याकडे. ती माझ्याकडे बघत राहिली. “पैसं अंगावर हायत ना बाई. नाय गेलो तं पोलीस धरतील.”

१८५९चा कायदा रद्द होऊन सत्तर वर्षं होत आली होती. तिच्या वाडीत तो अजून चालू होता.

खरा कायदा तिच्या बाजूचा होता. वेठबिगार पद्धती नष्ट करणारा वटहुकूम २५ ऑक्टोबर १९७५ला लागू झाला, १९७६ साली त्याचा कायदा झाला. त्याने अशी कर्जं बुडीत ठरवली. मजुराला अडकवून ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. आणि त्यातलं पंधरावं कलम मला फार मोलाचं वाटतं: हे वेठीचं कर्ज नाही, हे धनकोने सिद्ध करायचं, मजुराने नव्हे. १९८२ साली एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणं हीच वेठ, घटनेच्या २३व्या कलमाने मना केलेली.

परमुलखात जाणाऱ्यांसाठी १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. ठेकेदाराला परवाना, मजुराला फोटो लावलेलं पासबुक, जाण्यायेण्याचं भाडं, विस्थापन भत्ता. कर्नाटकात कोळशाला गेलेल्या आमच्या माणसांना हे सगळं लागू होतं; मी चौदा वर्षांत एकाही घरात असं पासबुक पाहिलं नाही. खालापुरातून पुण्याकडे गेलेल्याला तर तो लागूच नव्हता, कारण त्याने राज्याची हद्द ओलांडलेली नसे. मुलाची शाळा दोघांचीही सारखीच सुटायची. आता २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. तिच्यात वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचं भाडं आहे, पण विस्थापन भत्ता गेला. पूर्वी पाच आंतरराज्य मजूर असले की कायदा लागायचा, आता दहा लागतात. कोळशाच्या रानात दोन-तीन कुटुंबांची टोळी असते. ती या आकड्यात बसतच नाही. हे मागे जाणं आहे आणि मी ते तसंच म्हणेन.

मी निवृत्त झाले, पण गणपतीच्या आधीचे दोन रविवार वाडीवर जाते. जो जो बयाणा घेतो त्याच्याकडून विचारून लिहिते: मुकादमाचं नाव, फोन, भट्टीचं गाव, हजारी, घेतलेली रक्कम, सोबत जाणारी मुलं. नवऱ्याचं आणि बायकोचं नाव वेगवेगळ्या ओळीवर. एक कागद त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. सोबत कोरी वही देते, रोजच्या विटांसाठी. ज्याला लिहिता येत नाही त्याने दर हजारी एक रेघ मारायची. गेल्या वर्षी तीन घरांचा हिशेब या रेघांवर भांडून मिटला. कर्जत-खालापुरात अशा वाड्या पुष्कळ आहेत आणि मी एकटी आहे. ज्यांना लिहितावाचता येतं त्यांनी येत्या भाद्रपदात आपल्या जवळच्या वाडीवर एक दुपार द्यावी. वही आणि पेन मी देईन.